रक्ताची नळी आणि तिच्यावरचे नाव

या वर्षीच्या मालेत आरोग्यावरील एक पुष्प मी गुंफावे अशी चालकांची सूचना आली, तेव्हा मी थोडा बिचकलो. मी डॉक्टर नव्हे. दहावीनंतरचे माझे सारे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि गेली तीस वर्षे कारखान्यांतल्या व इस्पितळांतल्या कंत्राटी कामगारांची संघटना बांधण्यात गेली. परंतु चालकांचे म्हणणे असे पडले की, रक्ताच्या रिपोर्टावर काय लिहिले आहे ते सांगणारे पुष्कळ भेटतात. ते रक्त दंडातून निघून यंत्रापर्यंत कसे पोचते, वाटेत कोणाकोणाच्या हातांतून जाते, हे सांगणारा कोणी भेटत नाही. ते मात्र मला ठाऊक आहे, कारण ते हात माझ्या सभासदांचे आहेत.

सकाळच्या फेऱ्या आटोपून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकलेल्या मंडळींचे बोलणे कधी कान देऊन ऐका. पूर्वी क्रिकेटचे आकडे निघत, आता साखरेचे निघतात. "माझी एकशे बेचाळीस." "माझे क्रिएटिनिन एक पूर्णांक एक." आकडा यंत्रातून छापून आलेला असतो, त्यात दशांश चिन्ह असते, आणि दशांश चिन्ह दिसले की आपला विश्वास दुणावतो. यंत्रावर माझाही विश्वास आहे. नीट राखलेले यंत्र सहसा खोटे बोलत नाही. मात्र ते खरे सांगते ते नळीत जे आहे त्याविषयी. नळीत जे आहे ते आपल्या शरीरात होते तसेच राहिले आहे काय, आणि मुळात ते आपलेच आहे काय, हे दोन प्रश्न यंत्राला पडत नाहीत. ते माणसालाच पडावे लागतात.

पहिला प्रश्न आधी घेऊ. रक्त शरीराबाहेर आले म्हणजे मेले अशी आपली समजूत असते. वस्तुतः नळीतही ते काही काळ जिवंतच असते. त्यातल्या पेशींना भूक असते आणि त्या समोर असलेली साखर खात राहतात. नुसत्या नळीत, खोलीच्या उष्णतेत, साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते. म्हणजे सकाळी आठला घेतलेले रक्त तसेच पडून राहून दुपारी बाराला यंत्रात गेले, तर मधुमेह्याचा आकडा बऱ्यापैकी सोज्ज्वळ होऊन येऊ शकतो. म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची नळी असते. तिच्यात फ्लोराइड घातलेले असते आणि ते पेशींच्या या खाण्याला आवर घालते. तेही पहिल्या तासाभरात पुरते आवरत नाही, म्हणून चांगल्या ठिकाणी नळी थंड ठेवून लवकर पोचवतात.

दुसरा स्वभाव गोठण्याचा. रक्त गोठायला त्यातले कॅल्शियम लागते. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचे द्रव्य असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते. मग पेशी सुट्या राहतात आणि त्यांची मोजदाद करता येते. हिमोग्लोबिन व पेशींची गणती होते ती याच नळीत. निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तिच्यावरून पाहतात, आणि तिथे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेले आहे. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर प्रमाण मोडते आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या हृदयरोग्याचा डोस चुकीच्या आकड्यावर ठरतो. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत उलट रक्त गोठू द्यायचे असते, म्हणजे वरचे स्वच्छ पाणी, ज्याला सीरम म्हणतात, ते वेगळे काढता येते. सायट्रेट घातले की रक्त पातळ राहते हा शोध १९१४–१५ या सालांतला. बेल्जियम, अर्जेंटिना व अमेरिका अशा तीन देशांत तो जवळजवळ एकाच वेळी लागला आणि पहिल्या महायुद्धात हजारो जखमींना त्याचा उपयोग झाला. आपण ज्याला नुसते निळे टोपण म्हणतो त्याच्यामागे एवढा इतिहास आहे.

नळ्या भरण्याचा क्रमही ठरलेला असतो. निळी आधी, मग लाल-पिवळी, नंतर जांभळी, शेवटी करडी. हा क्रम शोभेसाठी नव्हे. जांभळ्या नळीतल्या ईडीटीएबरोबर पोटॅशियम असते. तिच्यातला थेंबभर अंश पुढच्या नळीत गेला तर रक्तातले पोटॅशियम फार वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. पोटॅशियमचा आकडा वाढला की डॉक्टरांचे धाबे दणाणते, कारण खरोखरच वाढलेले असेल तर हृदय बंद पडू शकते. मग धावपळ, भरती, औषधे, आणि कारण काय तर क्रम चुकला. याच पोटॅशियमला वाढवण्याचे काम आपणही करतो. दंडाला पट्टा बांधला की आपण मूठ पुन्हा पुन्हा वळतो-सोडतो, कारण सिनेमात तसे पाहिलेले असते. त्याने स्नायूंतले पोटॅशियम रक्तात उतरते. मूठ एकदा हलकेच मिटावी, पुरे. पट्टाही मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये. शिरेतले पाणी बाहेर झिरपते आणि रक्त दाट दिसू लागते. आणखी एक चूक घराघरांतून होते. दूध फ्रिजमध्ये टिकते, तेव्हा रक्तही टिकेल, असे वाटून नळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. थंडीत पेशींचे पंप मंदावतात आणि आतले पोटॅशियम बाहेर येऊन बसते.

उपाशीपोटीच्या तपासणीविषयी मी स्वतःचाच गुन्हा कबूल करतो. लालबागच्या चाळीत आम्ही वाढलो तिथे चहाला खाणे म्हणत नाहीत. पहिल्या वेळी टेक्निशियन मुलीने विचारले, "काका, काही खाल्लंत?" मी छातीवर हात ठेवून "नाही" म्हणालो. कटिंग दोन झाले होते, साखर घालून. तिने प्रश्न पुन्हा घातला, "काही प्यायलात?" तेव्हा मी वरमलो. मला परत पाठवले, आणि माझी सकाळ फुकट गेली म्हणून मी तिच्यावर रागावलोही होतो. आज वाटते, दुसरा प्रश्न विचारणारी माणसे इस्पितळात जितकी असतील तितकी कमीच.

आता दुसरा प्रश्न: नळीतले रक्त कोणाचे?

काही वर्षांपूर्वी मुंबईबाहेरच्या एका कारखान्यात व्यवस्थापनाने आरोग्य शिबिर भरवले. १५० कामगारांची यादी होती. नळ्यांवर १ ते १५० आकडे आदल्या दिवशीच चिकटवून ठेवलेले होते आणि रक्त काढायला आलेली होती एकच मुलगी, कंत्राटी, तेवीस-चोवीस वर्षांची. तीन तासांत काम उरकायचे होते. हिशेब करून पाहा: माणशी एक मिनिट आणि बारा सेकंद. त्यात पट्टा, स्पिरिट, ते वाळण्याची वाट, सुई, तीन नळ्या, कापूस. नाव विचारायला वेळ कुठला? रांग ठरलेली, नळ्या ठरलेल्या, पुढचा या.

रांगेतल्या एकसष्टाव्या माणसाला फोरमनने मशीनवर बोलावून घेतले. तो गेला तो गेला. मागचा पुढे सरकला आणि त्याचे रक्त ६१ नंबरच्या नळीत गेले. त्याच्या मागच्याचे ६२ मध्ये. असे शेवटपर्यंत. अखेरीस एक नळी उरली, म्हणून यादीत १५० व्या माणसापुढे 'गैरहजर' असा शेरा पडला. तो बिचारा कापूस दाबून उभा होता. त्याने सांगून पाहिले, पण ऐकणार कोण?

महिन्याभराने एक तरुण वेल्डर माझ्याकडे आला. त्याचा रिपोर्ट साखर ३१२ म्हणत होता. त्याची नोकरी मुदतीची. मुदत संपली तेव्हा ती वाढवली नाही. कारण कागदावर काही लिहिले नाही, पण सुपरवायझरने तोंडी सांगितले होते. मुलगा घाबरून महापालिकेच्या दवाखान्यात दोनदा तपासून आला होता. दोन्ही वेळा साखर अगदी व्यवस्थित. व्यवस्थापन म्हणाले, पथ्य केले असेल. एवढ्या साखरेला महिन्याचे पथ्य पुरत नाही, एवढे मला वाचून ठाऊक होते. परंतु पुरावा पाहिजे होता.

तो पुरावा रक्तगटाने दिला. शिबिरात गटही तपासले होते, आणि आमच्या कामगारांत नियमित रक्तदान करणारे बरेच जण. त्यांच्याजवळ रक्तपेढीची कार्डे होती. साखर आज एक, उद्या एक असते. गट सहसा जन्मभर बदलत नाही. युनियनच्या कचेरीत जमिनीवर यादी पसरली आणि एकेकाचे कार्ड तिच्यावर ठेवत गेलो. पहिल्या साठांत ज्यांची ज्यांची कार्डे होती ती सगळी जुळली. पुढे जुळेनात. मग कोणीतरी म्हणाले, रिपोर्टाची ओळ एक घर खाली सरकवून पाहू. सरकवली, आणि दीडशेपर्यंत सगळी कार्डे जुळली. त्याच वेळी एकसष्टाव्या गड्याने तोंड उघडले की, आपण त्या दिवशी रक्तच दिले नव्हते, तरी रिपोर्ट आला. सगळे नॉर्मल होते म्हणून गप्प बसलो.

वेल्डर चौऱ्याऐंशीवा होता. म्हणजे ती ३१२ पंच्याऐंशीव्याची होती. हा पन्नाशीचा फिटर. 'सर्व ठीक' हा कागद खिशात घालून तो निर्धास्त होता. पायाच्या बोटाला झालेली जखम भरत नव्हती, तिला तो हळद लावीत होता. आम्ही त्याच्यापर्यंत पोचलो तोवर उशीर झाला होता. ते बोट काढावे लागले. सर्वांची तपासणी पुन्हा झाली, वेल्डरला परत घेतले, मधल्या काळाचा पगार मात्र मिळाला नाही. आणि काढून टाकले कोणाला? रक्त काढणाऱ्या त्या मुलीला. यादी करणारा, वेळ ठरवणारा, माणूस रांगेतून ओढून नेणारा, यांना कोणी प्रश्न विचारला नाही. ती मुलगी आमची सभासद नव्हती. तिच्यासाठी मला काही करता आले नाही.

नंबर लिहिलेला असला म्हणजे काय होते आणि दोष कोणाच्या माथी जातो, याचा एक जुना दाखला आपल्या परळचाच आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे आपण जाणता. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. हाफकिन संस्था म्हणून आज आपण तिला ओळखतो. १९०२ च्या अखेरीस पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचली आणि त्यांतले १९ धनुर्वाताने मेले. ते १९ जण एकाच बाटलीतले, ५३-एन या नंबराच्या. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना पद सोडावे लागले. पुढे तपासाचे कागद बाहेर आले तेव्हा दिसले की, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीतून न काढता नुसता औषधी पाण्यात बुडवून घेतला होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे ते मोकळे झाले. बाटल्यांवर नंबर नसते, कोणती बाटली कोणाला टोचली याची नोंद नसती, तर आजतागायत लसच विषारी होती असे लोक म्हणत राहिले असते.

त्याच आचार्य दोंदे मार्गावर के. ई. एम. रुग्णालय आहे, १९२६ सालचे. तिथे घडलेली गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट दाखवून दिले तेव्हापासून एक गोष्ट धरून चालत आले होते: 'ओ' गटाच्या पेशी कोणाच्याही रक्तात गुठळ्या करीत नाहीत. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे मुंबईतल्या मोजक्या माणसांचे असे रक्त आले की, ते तपासणीत 'ओ' दिसे, पण त्यांचे सीरम 'ओ'च्याच पेशींच्या गुठळ्या करी. असा निकाल हाती आला की कोणीही प्रथम हेच म्हणेल: नळी बदलली, नमुना नासला, लेबल चुकले. आणि शंभरांत नव्याण्णव वेळा ते बरोबरही असेल. ही शंका ज्यांना आपल्या नमुन्यापुरती पुसून टाकता येते त्यांनाच नवी गोष्ट दिसते. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात तो लेख आला. त्यावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्याबरोबर लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांची नावे आहेत. जगभर या गटाला आपल्या शहराचे नाव मिळाले: बॉम्बे ब्लड ग्रुप.

त्याचे मर्म थोडक्यात सांगतो. ए, बी ही चिन्हे ज्या पायावर चढतात त्याला एच म्हणतात. 'ओ' गटाच्या माणसात नुसता पाया असतो, वर काही नसते. बॉम्बे गटाच्या माणसात हा पायाच नसतो. म्हणून त्याचे शरीर पायालाही परका मानते आणि 'ओ' रक्त दिले तरी ते फोडून टाकते. त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते. मुंबईच्या बाजूस असा माणूस सुमारे १०,००० त एक सापडतो, युरोपात दहा लाखांत एखादा. नुसत्या पेशी तपासल्या तर तो 'ओ' म्हणूनच निघतो; सीरम उलट बाजूने तपासले आणि दात्याच्या रक्ताशी जुळवून पाहिले तरच उघडा पडतो. १९५७ मध्ये अशा कामासाठी परळला रक्तगट संदर्भ केंद्र निघाले. त्याचीच पुढे राष्ट्रीय संस्था झाली आणि ती के. ई. एम.च्या आवारात आहे.

रक्तपेढीच्या खिडकीवर नातेवाईक भांडताना आपण पाहिले असतील. नळीवर नाव आहे, चिठ्ठीवरही आहे, पण एका अक्षराचा फरक म्हणून नमुना परत पाठवला; रुग्ण वर तळमळतो आहे आणि हे अक्षरे तपासतात! त्या भांडणात मी आता खिडकीच्या आतल्या माणसाच्या बाजूचा आहे. साखरेची नळी बदलली तर बोट जाते. गटाची नळी बदलली आणि 'ओ'च्या माणसाला 'ए'चे रक्त चढले, तर थोडक्या रक्तानेही प्राण जाऊ शकतो. म्हणून काही ठिकाणी गटासाठी दोनदा, वेगवेगळ्या वेळी रक्त घेतात. तो छळ नव्हे.

आता त्या हातांविषयी. रक्त काढून झाल्यावर सुईचे काय होते? १९९८ साली यासंबंधी नियम झाले, २०१६ मध्ये ते नव्याने आले. त्यांप्रमाणे सुई टोपण न लावता पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हवी. डबा वेळेवर बदलला नाही की तो भरून वाहतो, आणि सुया काळ्या पिशवीत जातात. पिशवी उचलते सफाई कामगार बाई. माझ्याकडे अशा बाया बोटाला फडके गुंडाळून आलेल्या आहेत, दोन-दोन दिवसांनी. त्या मुकादमाला भीत होत्या. एच.आय.व्ही.चे रक्त असलेली सुई टोचली तर लागण होण्याचा संभव हजारांत तीन. कावीळ बी असेल आणि लस घेतलेली नसेल, तर शंभरांत सहापासून तीसपर्यंत. कावीळ बीची लस आहे, आणि ती कामगाराला देणे २०१६ च्या नियमांनी मालकावर बंधनकारक आहे. एच.आय.व्ही. टाळण्याची गोळी शक्य तर दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते, आणि २८ दिवस घ्यावी लागते. दोन दिवस फडके गुंडाळून काढले म्हणजे त्या ७२ तासांतले ४८ गेले. कंत्राटदार बदलला की लसीची नोंदही बदलते, म्हणजे नाहीशी होते. त्यासाठी आम्ही आता कामगाराच्याच हाती कार्ड ठेवतो.

घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलांचे तसेच. त्यांना फेरीमागे पैसे मिळतात. मे महिन्यात पाठीवरची पेटी गाडीवर तापत असते, आत बर्फाच्या थैल्या सकाळीच वितळलेल्या, आणि अजून चार घरे बाकी असतात. तो मुलगा घाईने नळी हलवतो, जोराने. पेशी फुटतात, सीरम तांबडे होते, नमुना बाद होतो किंवा, त्याहून वाईट, होत नाही. नळी हलवायची नसते, आठ-दहा वेळा सावकाश उलटीसुलटी करायची असते. त्याला हे शिकवलेलेही नसते असे नाही. वेळ दिलेला नसतो. दारात तो उभा असेल तेव्हा त्याला घाई करू नका, पाणी विचारा, आणि पेटी गार आहे का ते निःसंकोच विचारा.

खुर्चीत बसल्यावर आपल्याला करता येण्याजोगे फारसे नाही, पण थोडे आहे. घेत असलेली औषधे सांगावीत. एका हाताला सलाईन चालू असेल तर रक्त दुसऱ्या हाताचे घ्यायला सांगावे. "तुम्हीच का दत्ताराम?" असे कोणी विचारले तर नुसती मान डोलावू नये, गिरणगावात एका चाळीत दत्ताराम तीन असत, आणि ऐकू कमी येणारा म्हातारा कशालाही हो म्हणतो. आपले नाव आपणच सांगावे. लेबल रक्त काढल्यावर, आपल्या डोळ्यांदेखत लागावे. कापूस दाबून हात सरळ ठेवावा. कोपरात मुडपला की शीर काळी पडते.

तो वेल्डर आता दुसऱ्या कारखान्यात कायम आहे. शिबिर असले की खुर्चीत टेकताच तो कोणी विचारायच्या आत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख मोठ्याने म्हणतो. रांगेतली पोरे हसतात. मग तो नळी मागून घेतो, उजेडाकडे धरून लेबल वाचतो, आणि ती ट्रेमध्ये परत गेल्यावर बाही खाली करतो.